दिसतं तिथे घासलं, दिसत नाही तिथे राहिलं

"डॉक्टर, मी दिवसातून तीन वेळा दात घासते. घरात माझ्याइतकं कुणी घासत नाही. तरी माझेच दात पिवळे आणि माझ्याच हिरड्यांतून रक्त."

खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. वय 43. मधुमेह नाही, तंबाखू नाही, नेहमीचं कुठलं औषध नाही. सात-आठ महिन्यांपासून गार पाणी लागलं की डाव्या बाजूला कळ जात होती. रक्ताची तक्रार त्याहून जुनी. पण त्या आल्या होत्या मुख्यतः रंगासाठी. "ब्लीचिंग करून द्या" एवढीच मागणी. बोलताना वरचा ओठ दातांवर ओढून घ्यायची सवय लागली होती, आणि हसू आलं की हात आपसूक तोंडापुढे जायचा.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की त्यात आळस कुठेच नाही. दातांची तक्रार घेऊन कुणी आलं की आम्ही विचारतो, "नीट घासता ना?" उत्तर "हो" आलं तरी मनातून त्यावर विश्वास ठेवत नाही. इथे ते उत्तर शंभर टक्के खरं होतं. बाई कष्ट घेत होत्या, आणि निम्मं नुकसान त्या कष्टांनीच केलं होतं. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

तोंडात काय दिसलं

दात 28, अक्कलदाढा पूर्वीच काढलेल्या. ओठ बाजूला केले तर समोरचे दात बाहेरून चकचकीत, आरशासारखे. मात्र वरच्या डाव्या सुळ्याच्या आणि त्यामागच्या दोन उपदाढांच्या मानेशी, हिरडीला लागून, पाचरीच्या आकाराच्या खाचा पडलेल्या. झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीचा घाव पडावा तशा. खालच्या जबड्यात डावीकडे त्याच तीन दातांवर तसंच, आणि उजवीकडे वरच्या सुळ्यावर सुरुवात. एकूण सात दात. हिरडी तिथे 2 ते 3 मिलिमीटर मागे सरकलेली. उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या डाव्या बाजूला ही झीज जास्त आढळते. तिथे हात मोकळा चालतो, आणि जबड्याच्या वळणावर पुढे आलेल्या सुळ्यावर आणि उपदाढांवर सगळा जोर येतो.

मग आरसा आत घातला आणि चित्र पालटलं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला, किटणाची सलग पट्टी. वरच्या पहिल्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही थोडं किटण. या दोन जागा ठरलेल्या असतात, कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातावरच्या मऊ थरात उतरतं आणि तो थर दगडासारखा होतो. एकदा तसा झाला की जगातला कुठलाही ब्रश तो काढू शकत नाही.

हिरड्या मोजल्या. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, दात आणि हिरडी यांच्या मध्ये, बारीक सळईसारखा प्रोब हलकेच घालून खोली बघायची आणि रक्त येतं का ते नोंदवायचं. 168 ठिकाणांपैकी 71 ठिकाणी रक्त, म्हणजे 42 टक्के. 3 मिलिमीटरपर्यंतची खोली निरोगी धरतात. इथे दाढांच्या मधल्या फटींत 4, दोन ठिकाणी 5. एक्स-रेमध्ये खालच्या डाव्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या मधोमध कीड, डेंटिनपर्यंत, म्हणजे दाताच्या आतल्या थरापर्यंत पोचलेली. आणखी दोन फटींत कीड इनॅमलपुरतीच, म्हणजे वरच्या कठीण आवरणापुरतीच होती.

शेवटी दातांवर रंग लावला. हा रंग स्वच्छ दातावर टिकत नाही, पण जंतूंच्या चिकट थरावर, म्हणजे प्लाकवर, चढून बसतो. मोजणीची पद्धत 1972 सालची, ओलिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. प्रत्येक दाताच्या चार बाजू धरायच्या आणि रंगलेल्या बाजू मोजायच्या. 112 पैकी 69 बाजू रंगल्या. बाहेरच्या 28 बाजूंपैकी फक्त 5. आतल्या 28 पैकी 17. दोन दातांमधल्या 56 पैकी 47.

या तीन आकड्यांत सगळं प्रकरण आलं. आरशात जे दिसतं ते झिजेपर्यंत स्वच्छ होतं. जे दिसत नाही तिथे दिवसातल्या तिन्ही वेळांचा ब्रश पोचलाच नव्हता.

पिवळेपणा कुठून आला

हे त्यांना पटवणं सगळ्यांत अवघड गेलं. दाताचा पांढरा रंग बराचसा इनॅमलचा. ते अर्धपारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर. इनॅमल दाताच्या टोकाकडे जाड, तर हिरडीकडे येता येता पातळ होत संपतं. हिरडी मागे सरकली की तिथून पुढे इनॅमल नाहीच, मुळाचा भाग उघडा पडतो. इनॅमलमध्ये सुमारे 96 टक्के खनिज असतं, डेंटिनमध्ये सुमारे 70 टक्के. साहजिकच डेंटिन कितीतरी लवकर झिजतं.

त्या रोज सकाळी दात पांढरे करणारी एक खरखरीत पावडर वापरायच्या, कडक ब्रशवर घेऊन, आडव्या हाताने. मानेशी पिवळं दिसायला लागलं तशी पावडर दुपारीही सुरू झाली. पिवळं दिसतं म्हणून जोर, जोराने आणखी डेंटिन उघडं, आणि म्हणून आणखी पिवळं. चार वर्षं हे चाललं होतं. नुसता ब्रश इनॅमलला फारसं काही करत नाही. झीज होते ती त्याच्यासोबतच्या खरखरीत कणांनी. पेस्टचा खरखरीतपणा मोजायला आरडीए नावाचं माप आहे, आणि आंतरराष्ट्रीय मानकात पेस्टसाठी त्याची कमाल मर्यादा 250 आहे. पण ट्यूबवर तो आकडा सहसा छापलेला नसतो, आणि उघड्या डब्यातल्या पावडरीबाबत तर तो कळायला मार्गच नाही.

भरीला आंबट. सकाळी उठल्या उठल्या एक आंबट पेय आणि लगेच पावडर. आम्लाने इनॅमलचा वरचा थर काही वेळ मऊ पडतो आणि त्याच वेळी घासलं तर तो अधिक निघतो. मानेवरच्या अशा खाचांमागे घासणं, आम्ल आणि चावण्याचा ताण यांतलं कोणतं किती, हे दाताकडे बघून वाटून देता येत नाही. इथे पहिली दोन कारणं हातात होती, आणि तेवढी कामाला पुरेशी होती.

गार पाण्याची कळसुद्धा तिथलीच. डेंटिनमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. गार लागलं की तो द्रव हलतो आणि आतली नस ते वेदना म्हणून ओळखते. हे स्पष्टीकरण 1960 च्या दशकात स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी प्रयोगांनी भक्कम केलं आणि आजही तेच धरून उपचार होतात: नळ्यांची तोंडं बंद करायची किंवा नस शांत करायची.

ब्लीचिंगला मी त्या दिवशी नकार दिला. उघड्या डेंटिनवर ते औषध लागलं असतं तर कळ कितीतरी वाढली असती. शिवाय मुळाचा उघडा भाग इनॅमलसारखा उजळत नाही. बाकीचा दात पांढरा होऊन मान आणखीच उठून दिसली असती. त्या निराश झाल्या, आणि ते स्वाभाविक होतं.

पहिला प्रयत्न फसला

त्या दिवशी मी जे केलं ते बहुतेक दवाखान्यांत होतं तेच. प्लास्टिकचा जबडा हातात घेतला, ब्रश तिरपा कसा धरायचा ते दाखवलं, "हलक्या हाताने घासा, पावडर बंद करा, मऊ ब्रश घ्या" असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. किटण काढून दिलं आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

तीन आठवड्यांनी रंग लावला तर 112 पैकी 74 बाजू रंगल्या. आधीपेक्षा जास्त. आतल्या बाजू 16, फटी 45, म्हणजे तिथे जवळपास काही बदल नाही. आणि बाहेरच्या, ज्या पूर्वी फक्त 5 होत्या, त्या आता 13. सूचना त्यांनी तंतोतंत पाळली होती. हलकं म्हटलं म्हणून ब्रश दातांवरून नुसता फिरवला होता, आणि हिरडी मागे जाण्याच्या धास्तीने हिरडीच्या कडेला ब्रश लावायचंच सोडून दिलं होतं. "तिथे रक्त येतं ना, म्हणून ती जागा वाचवते," त्या म्हणाल्या.

चूक माझी होती. मी त्यांना काय करू नये ते सांगितलं होतं. त्यांचा ब्रश तोंडात नेमका कसा चालतो ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.

रक्त येतं ती जागा वाचवायची, हे वाटणं माणसाला अगदी सहज सुचतं. बोटाला जखम झाली की आपण तिला धक्का लागू देत नाही. हिरडीचं तसं नाही. 1965 मध्ये डेन्मार्कच्या आऱ्हूसमध्ये हॅराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात साफ करणं पूर्ण थांबवायला सांगितलं. सुमारे 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्यांना सूज आली. साफसफाई पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभराच्या आसपास हिरड्या पूर्ववत झाल्या. दुसरं कुठलंही औषध लागलं नाही. हे मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, आणि मला वाटतं, साऱ्या उपचारांत याचा उपयोग सर्वाधिक झाला. रक्त येणं म्हणजे त्या कडेला थर बसून राहिला आहे. ती जागा सोडली तर थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढतं.

बेसिनपाशी

तिसऱ्या वेळी त्यांना स्वतःचा ब्रश आणायला सांगितलं. दातांवर रंग लावला, बेसिनच्या आरशासमोर उभं केलं आणि म्हटलं, "घरी घासता तसं घासा. मी काही बोलणार नाही."

2 मिनिटं 40 सेकंद. वेळेच्या दृष्टीने उत्तम, दोन मिनिटांची शिफारस आहे. पण त्यातला निम्म्याहून जास्त वेळ समोरच्या बाहेरच्या बाजूंवर गेला. खालच्या दातांच्या आतून ब्रश जेमतेम दहा सेकंद फिरला. ब्रश मुठीत धरलेला, हातोडी धरावी तसा. उजवीकडच्या वरच्या दाढांपर्यंत तो गेलाच नाही, कारण तोंड मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागा उरत नाही. तिथे तोंड अर्धवट मिटावं लागतं.

चूळ भरून आरशात पाहिल्यावर त्या गप्प झाल्या. घासून झाल्यावरही गुलाबी रंग सगळीकडे तसाच होता.

मग आम्ही एकेक गोष्ट बदलली, एका भेटीत एकच. आधी पकड. मुठीऐवजी पेन धरतो तसा ब्रश धरला की जोर आपोआप कमी होतो, सांगावं लागत नाही. नंतर कोन. ब्रशचे केस 45 अंशांत हिरडीच्या कडेकडे वळवायचे, टोकं कडेत टेकू द्यायची आणि जागच्या जागी थरथरल्यासारखं हलवायचं, मग पुढच्या दोन दातांवर सरकायचं. ही पद्धत अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स बास यांची, विसाव्या शतकाच्या मध्यावरची. ब्रश मऊ, केस साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचे, टोकं गोल. त्यानंतर क्रम. सुरुवात जिथे ब्रश पोचत नव्हता तिथून, म्हणजे खालच्या दातांच्या आतून. समोरची बाहेरची बाजू सगळ्यांत शेवटी, कारण ती विसरली जाणार नाहीच.

आणि "स्वच्छ झालं" हे कशावरून ठरवायचं? त्यांच्या मते तोंड झणझणलं, खरखर जाणवली की स्वच्छ. मऊ ब्रशने तसं काही होत नाही, म्हणून घासल्यासारखंच वाटत नव्हतं. मी जीभ वापरायला सांगितली. खालच्या दातांच्या मागून जीभ फिरवा. गुळगुळीत, काचेसारखं लागलं तर साफ. मखमलीसारखं किंवा चिकट लागलं तर थर आहे. पेस्टच्या गारव्याला जीभ फसू नये म्हणून पहिले काही दिवस आतल्या बाजू पेस्ट न लावता ओल्या ब्रशने घासायच्या आणि नंतर पेस्ट घेऊन सगळ्या दातांवरून पुन्हा ब्रश फिरवायचा. पेस्ट 1450 पीपीएम फ्लोराइडची. घासून झाल्यावर फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहतं. हे शेवटचं त्यांना विचित्र वाटलं. बहुतेकांना वाटतं. आठवडाभरात सवय होते.

तीनऐवजी दोनच वेळा. रात्री झोपण्याआधीची वेळ कधीही चुकवायची नाही, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते आणि तोंडाचा नैसर्गिक बचाव मंदावतो.

फटींसाठी छोटे इंटरडेंटल ब्रश दिले. त्यांच्या दाढांमध्ये दोन मापं लागली, पुढच्या दातांत मात्र फटी घट्ट असल्याने धागा. योग्य माप म्हणजे ब्रश फटीत जाताना किंचित अडतो पण तार हिरडीला टोचत नाही. हे माप दवाखान्यातच ठरवून घ्यावं. फार बारीक ब्रश नुसता आत-बाहेर होतो आणि काही काढत नाही. पहिले पाच-सहा दिवस रोज रक्त येणार, हे मी आधीच सांगून ठेवलं. नवव्या दिवशी त्यांचा निरोप आला की डावीकडे येणं थांबलं, उजवीकडे अजून येतंय.

दवाखान्यात केलेली कामं

दाढेतली कीड काढून सिमेंट भरलं. इनॅमलपुरत्या असलेल्या दोन जागा मी मुद्दाम तशाच ठेवल्या. कीड पृष्ठभाग फोडून आत शिरली नसेल तर फटीची सफाई आणि फ्लोराइड यांनी ती तिथेच थांबू शकते. दात एकदा कोरला की तो कायमचा दुरुस्तीचा गिऱ्हाईक होतो.

त्यासाठी खाण्यापिण्याची चार दिवसांची नोंद मागवली. गोड किंवा आंबट काहीतरी दिवसातून सात वेळा, त्यातलं बरंच काम करता करता घोटघोट. गोड तोंडात गेलं की प्लाकमधले जंतू काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. सामू (आम्लपणाचं माप; आकडा कमी म्हणजे आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधून खनिज निघायला लागतं, आणि लाळेला तो परत वर आणायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात हा आलेख मांडला. एक पेला पाच मिनिटांत प्यायला तर दाताला एकच फटका, तोच दोन तास पुरवला तर सबंध दोन तासांचा. प्रमाण कमी करा असं मी म्हटलं नाही, फक्त वेळा कमी करा म्हटलं. सातवरून त्या तीनवर आल्या. सकाळचं आंबट पेय चालू राहिलं, पण दात घासणं त्याच्या आधी आलं.

सात खाचांपैकी तीन खोल होत्या, त्या दाताच्या रंगाच्या मटेरियलने भरल्या. उरलेल्या चारांवर फ्लोराइडचं व्हार्निश लावलं आणि पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिली. ती लगेच गुण देत नाही, दोन-चार आठवडे नेमाने वापरावी लागते.

किटण काढल्यानंतर खालच्या पुढच्या दातांत फटी दिसायला लागल्या आणि त्या घाबरून आल्या. "सफाईने दात सैल झाले." ही भीती जुनी आहे आणि तिच्यामुळे लोक वर्षानुवर्षं सफाई टाळतात, म्हणून सांगायला हवं. फट आधीपासून होती, किटणाने बुजलेली. किटण गेलं, सुजलेली हिरडी आक्रसून बारीक झाली, आणि दडलेली जागा उघडी पडली. दात हलवून दाखवले, एकही सैल नव्हता.

तीन महिन्यांनी

रंगलेल्या बाजू 112 पैकी 20: बाहेरच्या 2, आतल्या 7, फटींतल्या 11. रक्ताची ठिकाणं 71 वरून 17. जिथे 5 मिलिमीटर होतं तिथे आता 4, आणि 4 च्या बहुतेक जागा 3 वर आल्या. हिरडी मागे सरकली होती तेवढीच राहिली. ती आपणहून परत येत नाही, फक्त पुढे जाणं थांबवता येतं. डाव्या सुळ्यावर सुरुवातीला 3 मिलिमीटर होतं, आताही 3.

गार पाण्याची कळ दोन दातांवर किरकोळ उरली आहे.

रंगाचं म्हणाल तर वरचे डाग सफाईतच निघाले होते, आणि तीन खाचा भरल्यावर मानेवरची पिवळी पट्टी जवळपास दिसेनाशी झाली. ब्लीचिंगचा विषय मीच काढला, आता हिरड्या शांत आहेत, विचार करता येईल म्हणून. त्या म्हणाल्या, "राहू दे सध्या." हे बोलताना हसल्या, आणि हात खुर्चीच्या हातावरच होता.

एक जागा अजून अडून बसली आहे, खालच्या डाव्या दाढांची जिभेकडची बाजू. उजव्या हाताने तिथे कोन साधत नाही. रंग लावण्याआधीच त्यांनी सांगितलं होतं, "डावीकडे आत मखमल लागतेय." रंग लावल्यावर गुलाबी पट्टी नेमकी तिथे उमटली. पुढच्या भेटीपर्यंत तेवढ्या चार दातांसाठी छोट्या गोल डोक्याचा ब्रश वापरून बघणार आहोत.

जाताना त्यांनी पिशवीतून घरचा ब्रश काढून टेबलावर ठेवला. पहिल्या भेटीच्या वेळचा त्यांचा ब्रश तीन आठवड्यांचाच होता आणि केस दोन्हीकडे फाकलेले होते. हा पूर्ण तीन महिने वापरलेला होता, आणि केस अजून सरळ उभे होते.